न विचारता भरलेला रकाना

चाकण एमआयडीसीतल्या एका शिलाई युनिटमध्ये मी टाइम ऑफिस सांभाळते. आमच्याकडे कारखान्यांचे गणवेश शिवतात. निळे-करडे शर्ट, पँट, आणि गळ्यापासून खालपर्यंत चेन असलेले बॉयलर सूट. मशीनवर बसणाऱ्या बहुतेक बायाच. त्यांची हजेरी, रजा, पीएफ, दवाखान्याचं कार्ड, सगळं माझ्या टेबलावरून जातं. माझ्या कामाचा मला गर्व होता आणि तो मी कधी लपवला नाही.

नवीन बाई लागली की तिचे सात-आठ फॉर्म भरावे लागतात. त्यावर मी एक युक्ती काढली होती. जे रकाने सगळ्यांचे सारखेच, ते एकदाच भरायचे आणि त्या भरलेल्या फॉर्मच्याच गठ्ठ्याने झेरॉक्स काढून ठेवायच्या. कंपनीचं नाव, पत्ता, खातं, राष्ट्रीयत्व. मग उरतं काय? बाईचं नाव, जन्मतारीख, घरचा पत्ता. सही हवी तिथे मी पेन्सिलने फुली मारायची आणि बाईने फुली दिसेल तिथे सही करायची. पाच मिनिटांत बाई मशीनवर. मालक आल्यागेल्याला सांगायचे, "आमच्या मॅडमच्या फायलीत चूक सापडली तर मला दाखवा." मी खाली मान घालून हसायचे, पण ते पुन्हा म्हणावेत असं वाटायचं.

राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात माझ्याच अक्षरात "भारतीय" लिहिलेलं होतं. बीडची आली काय, बिहारची आली काय, त्या शब्दाला कुठे धक्का लागणार होता?

तिला आणलं आमच्या मशीन मेकॅनिक चाचांनी. चाचा काळेवाडीचे, तिथेच वाढलेले, आणि शिफारस करण्याच्या बाबतीत भलते कंजूष. त्या दिवशी मात्र स्वतः तिला घेऊन टाइम ऑफिसात आले आणि म्हणाले, "मॅडम, हिचा हात बघा आणि मग कागद बघा. आधी कागद बघू नका." ती पस्तिशीची, सडपातळ, ओढणी डोक्यावर, हातात प्लॅस्टिकची जाड फाइल. चाचांच्या शेजारच्या चाळीत भाड्याने राहत होती. एका व्यापाऱ्यासाठी घरी बसून परकर आणि गाऊन शिवायची. डझनावर काम, चिठ्ठी नाही, नोंद नाही. मशीन बिघडलं तर तिचं, बोटात सुई गेली तर बोटही तिचंच. व्यापारी म्हणायचा, तुझ्यासारखीला दुसरं कोण ठेवणार?

तिचा हात बघितला. सॅम्पलच्या शर्टाला तिने कॉलर लावली, आणि कॉलरची दोन्ही टोकं अशी जुळली की आमची चेकिंगवाली पट्टी घेऊन मापत राहिली. मग कागद बघितले. ती पाकिस्तानातल्या सिंधमधून आलेली हिंदू होती. नवरा, दोन मुली आणि ती, सगळे दीर्घ मुदतीच्या व्हिसावर. पिंपरी कॅम्पात नवऱ्याचे लांबचे नातेवाईक, ते फाळणीत आलेले, म्हणून ही मंडळी इकडे आली. तिकडचं घर कसं सुटलं हे तिने तेव्हा सांगितलं नाही आणि मीही खोदून विचारलं नाही.

मालकांनी कपाळाला हात लावला. मग वकिलाला फोन केला. वकील म्हणाले, या व्हिसावर खाजगी नोकरी करता येते, फक्त परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या पोलीस कार्यालयाला कळवा. मालक माणूस भित्रा, पण सरळ. म्हणाले, "घ्यायची तर रीतसर घ्या. नेमणुकीचं पत्र, पीएफ, कार्ड, सगळं इतरांसारखं. मागच्या दाराने काही नको." मी त्याच दिवशी पोलीस कार्यालयाला पत्र लिहिलं, त्यात तिच्या देशाचं नाव, व्हिसाचा नंबर, सगळं नीट. आणि मग हात सरावाने कपाटाकडे गेला. फॉर्मचा गठ्ठा काढला, नाव-पत्ता भरला, फुल्या मारल्या, पेन तिच्या हातात दिलं. तिला देवनागरी वाचता येत नव्हतं. ती सिंधीत लिहायची, उजवीकडून डावीकडे. तिने फुल्या शोधून शोधून सह्या केल्या.

नेमणुकीचं पत्र दिलं तेव्हा तिने ते दोन्ही हातांनी घेतलं आणि कुणीही न सांगता डोळ्यांना लावलं. ती हिंदीत बोलायची, पुढे तोडकंमोडकं मराठीही. इथे तिचं बोलणं मी माझ्या भाषेत लिहितेय. ती म्हणाली, "अदी, पंधरा वर्षं शिवतेय. शिवते असं लिहिलेला हा पहिला कागद." अदी म्हणजे त्यांच्यात मोठी बहीण. सगळ्या मला मॅडम म्हणतात, ती पहिल्या दिवसापासून अदी म्हणाली. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू.

तिच्याइतकी कागदाला भिणारी बाई मी पाहिलेली नाही. फाइल रोज डब्याच्या पिशवीत असायची. एकदा भोसरीत ट्रॅफिक तुंबलं म्हणून ड्रायव्हरने कंपनीची बस दिघीच्या रस्त्याला वळवली. दिघीला लष्कराची हद्द. तिच्या कागदावर लिहिलंय, मनाई असलेल्या भागात जायचं नाही. ही सीटवरून उठली आणि दाराशी जाऊन उभी राहिली, मला इथेच उतरवा म्हणून. तिच्या शेजारच्या मशीनवर चाकणजवळच्या गावातली एक तोंडाळ बाई बसते. ती ओरडली, "अगं ए बये, आमी समदे जातोय न्हवं? रस्ता हाय त्यो, रणगाडा न्हाई! बस की खाली!" बस हसली. रस्ता साधा, सगळ्या जगाचा, पण ही उतरलीच. पुन्हा भोसरीत चालत येऊन दोन रिक्षा बदलून साडेदहाला कामावर पोहोचली. मी तिचा अर्धा दिवस कापला नाही, पण मनात म्हटलं, एवढं कशाला घाबरायचं?

लाइनवर बायांना ती पिंपरी कॅम्पातली सिंधीण एवढंच माहीत होतं. खरं मालक, चाचा आणि मी, तिघांनाच ठाऊक. मग तीन वर्षांनी ते दिवस आले, टीव्हीवर सकाळ-संध्याकाळ सीमा, व्हिसा आणि परत पाठवणी. जेवणाच्या सुट्टीत बायांच्या मोबाइलवर तेच. तोंडाळ बाई मोठ्याने म्हणायची, "समद्यांना हाकला एकदाचं." आणि ही शेजारी बसून भाकरीचा तुकडा भाजीत नुसता फिरवत राहायची. तिच्यासारख्यांचा व्हिसा चालू राहणार असं कार्यालयाने सांगितलं होतं, तरी ती रोज सकाळी माझ्या खिडकीशी येऊन विचारायची, "अदी, काही आलं का?" काही आलेलं नसायचं. मालकही दिवसातून दोनदा विचारायचे, फाइल ठीक आहे ना? मी छाती काढून सांगायचे, माझ्या फायलीला काय धाड भरलीय!

तिने नागरिकत्वाचा अर्ज केलेला होता. लागतात तेवढी वर्षं इथे काढून झाली होती, चौकशीमागून चौकशी होत होती. एका गुरुवारी ती पत्र घेऊन माझ्याकडे आली. चेहरा असा की मी खुर्चीतून उठलेच. त्या पोलीस कार्यालयाने सोमवारी अकरा वाजता बोलावलं होतं. नोकरीचा दाखला आणि कामावर रुजू होतानाच्या फॉर्मची सहीशिक्क्याची प्रत आणायची. ती म्हणाली, "ही शेवटची चौकशी. यानंतर शपथ." शपथ हा शब्द तिने हळू उच्चारला.

मी फाइल काढली. फॉर्म उघडला. राष्ट्रीयत्व : भारतीय. माझं अक्षर, झेरॉक्सचं थोडं फिकट. खाली छापलेलं, वरील माहिती खरी आहे, खोटी आढळल्यास मी कारवाईस पात्र राहीन. त्याखाली उजवीकडून डावीकडे तिची सही.

पाकिस्तानी नागरिक असलेल्या बाईने स्वतः भारतीय असल्याचं लिहून दिलं होतं, सहीनिशी, आणि तेही या दिवसांत. पोलिसांना पाठवलेल्या माझ्याच पत्रात एक आणि माझ्याच फॉर्ममध्ये दुसरं. घरी परकर शिवत होती तेव्हा तिच्या नावावर एकही खोटा कागद नव्हता. तो आम्ही रीतसर करायला गेलो तेव्हा तयार झाला. मी फाइल मिटली आणि तिला म्हटलं, "झेरॉक्स मशीन बंद आहे गं, उद्या देते." मशीन माझ्या मागेच घरघरत होतं. तिने ते ऐकलं असणार, पण पत्राची घडी घालून लाइनवर गेली.

संध्याकाळी घरी ताट पुढे ओढलं आणि तसंच सारलं. नवऱ्याने विचारलं म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "चुकतंय माणूस. नवा फॉर्म भर, जुनी तारीख टाक, जुना टाक चुलीत. कोन बघतंय?" मी त्याच्यावर खेकसले, पण खरं सांगते, मी त्याच्या आधीच ते ठरवलं होतं. एवढी वर्षं फायली सांभाळणाऱ्या बाईला हे जमणार नाही तर कुणाला?

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मी कोरा फॉर्म घेतला. त्या वर्षी मी ज्या शाईचं पेन वापरायचे तसलंच पेन शोधून काढलं. सगळे रकाने नव्याने भरले, राष्ट्रीयत्व बरोबर लिहिलं, तारीख तीन वर्षांपूर्वीची टाकली. काम इतकं सफाईदार झालं की क्षणभर मला बरंही वाटलं. मग तिला बोलावलं आणि म्हटलं, "इथे एक सही राहिली होती."

तिने पेन घेतलं, टेकवलं, आणि थांबली. अक्षरं येत नव्हती तरी आकडे येत होते. तारखेवर बोट ठेवून म्हणाली, "अदी, ही तारीख तर मी आले त्या दिवसाची. आज का?"

मी म्हटलं, "कर गं, फॉरमॅलिटी आहे."

तिने पेन खाली ठेवलं. मग मला सांगावंच लागलं. झेरॉक्स, गठ्ठा, एकदाच भरलेला रकाना, सगळं. सांगताना माझा आवाज चढत गेला, जणू तिच्यामुळेच हे झालं होतं. मी जुना फॉर्म समोर ठेवला तेव्हा तिने तो शब्द कुठे आहे असं विचारलं. मी दाखवला. तिने त्यावरून बोट फिरवलं, उजवीकडून डावीकडे.

मग म्हणाली, "बसमध्ये विचारतात तू कुठली. घरमालक विचारतो, शाळेत विचारतात, दुकानदार विचारतो. लेकीच्या मैत्रिणीची आई विचारते. सगळी दुनिया मला विचारते अदी, आणि उत्तर देताना मी मरते. ज्यांचं कामच विचारायचं होतं, त्या तुम्ही एकट्या. तुम्ही नाही विचारलंत."

मला राग आला, लाज वाटली आणि पुन्हा राग आला. मी म्हटलं, आता काय करायचं ते बोल, सही केलीस तर सुटशील. ती म्हणाली, "पकडलं तर तुमची नोकरी जाईल, आणि मला गाडीत बसवून सीमेवर सोडतील. आणि नाही पकडलं तर शपथ घेताना हा कागद माझ्या डोळ्यांपुढे असेल. आजची तारीख टाका."

दुपारी मी मालकांकडे गेले. त्यांनी रागावायला हवं होतं, पण ते नुसते टेबलावरची पिन उलटसुलट करत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, एक मार्ग आहे. तिला राजीनामा द्यायला सांगा. सोमवारी दाखवायला नोकरीच नाही, तर फॉर्मही नाही. कॉलरचं काम घरी पाठवू. तिला काम, आपल्याला ताप नाही." वाईट हे की ऐकताना मला सुटल्यासारखं वाटलं. दोन-तीन श्वास मी ते सुख घेतलं. मग मला तिचं ते पत्र डोळ्यांना लावणं आठवलं आणि मी म्हटलं, "सर, मागच्या दाराने नको, हे तुम्हीच म्हणाला होतात. चूक माझी आहे. मी लिहून देते. तिला काढायचं तर आधी मला काढा." हे वाक्य मी शूरपणे म्हटलं असं वाटेल, पण डोक्यात हिशेब चालू होता. घराचे हप्ते माझ्या पगारातून जातात. मालकांनी ती पिन डबीत टाकली. शेवटी म्हणाले, "लिहा. शिक्का मी मारतो."

सोमवारी आम्ही दोघी साडेनऊलाच त्या कार्यालयात पोहोचलो. बाकावर आमच्याआधी पाच-सहा माणसं होती, प्रत्येकाच्या मांडीवर तसलीच प्लॅस्टिकची फाइल. तिने दोनदा पाणी प्यायलं. मी तीनदा माझं खुलाशाचं पत्र उघडून वाचलं. आत साहेब होते ते मराठवाड्याकडचे असावेत, बोलण्यावरून वाटलं. त्यांनी तीन कागद समोर मांडले, माझं जुनं पत्र, जुना फॉर्म आणि शुक्रवारच्या तारखेचा नवा, त्याला टाचलेला माझा खुलासा.

"ही सही तुझीच?" त्यांनी तिला विचारलं.

"हो साहेब."

"मग खोटं कामून लिहिलंस?"

मी मध्येच बोलले, "साहेब, ते मी भरलं होतं, झेरॉक्स..."

"तुम्हाला इचारलं का मी?" त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं.

ती उभी राहिली. म्हणाली, "साहेब, मला वाचता येत नव्हतं. पण न वाचता सही केली, ती माझी चूक. ते लिहायला मी सांगितलं नव्हतं. ते लिहायची मला घाई असती तर इतकी वर्षं रांगेत थांबले नसते."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे वळले. माझा जबाब घेतला. नाव, वय, नवऱ्याचं नाव, मूळ गाव, किती वर्षांपासून राहता, पुरावा काय. आमची चाकणजवळच सात पिढ्यांची शेती, अर्धी एमआयडीसीत गेली तरी गाव तेच, आणि तरी पुरावा म्हटल्यावर मी पर्स टेबलावर रिकामी केली. पर्समध्ये आधार कार्ड सापडेना. ते मोबाइलच्या कव्हरमध्ये होतं. तेवढ्या दोन मिनिटांत मला जे वाटलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

शेवटी साहेब म्हणाले, "नोकरीला अडचण नाही, व्हिसात बसतंय. ती चालू ठेवा. अर्जाचं मी सांगू शकत नाही. हे तिन्ही कागद वर जातील. कळवतील ते तिला."

बाहेर आल्यावर आम्ही रसवंतीत उसाचा रस प्यायलो. ती म्हणाली, चला, दुपारची शिफ्ट तरी मिळेल. तिने मला दोष दिला नाही आणि मी माफी मागितली की नाही ते मला आठवत नाही. बहुतेक नाहीच मागितली.

मी झेरॉक्सचा गठ्ठा त्याच आठवड्यात फाडला. आता एकेका बाईसमोर बसून एकेक रकाना विचारून भरते, अर्धा तास लागतो, सुपरवायझर बोंबलतो. त्याला बोंबलू दे.

पण अर्जाचं काय झालं हे तिला मात्र मी विचारलं नाही. आठ-नऊ महिने गेले. ती रोज येते, कार्ड पंच करते, माझ्या खिडकीतून हसते. मधल्या काळात तिच्या लाइनची इन्चार्ज बाळंतपणाला गेली तेव्हा तिची जागा मालकांनी हिला दिली, रीतसर पत्र देऊन. तोंडाळ बाईला खरं कधीतरी कळलं, चाचांकडून की कुठून कोण जाणे. दोन दिवस ती फुगून बसली आणि तिसऱ्या दिवशी कॉलरचं बंडल हिच्यासमोर आपटून म्हणाली, "व्हय गं, आता तू इन्चार्ज, मंग बघ की हे, टोक येईना मला." मी हे सगळं बघत होते आणि मनाशी म्हणत होते, वाईट काही असतं तर सांगितलं असतं. चांगलं असतं तरी सांगितलं असतं, हे मनाच्या पुढ्यात येऊ देत नव्हते.

गेल्या आठवड्यात तिच्या व्हिसाची मुदत वाढवायचे कागद माझ्याकडे आले. नागरिकत्व मिळालेल्या बाईला व्हिसाची मुदत कशाला लागेल? सुट्टीत मी लाइनवर गेले. ती मशीनला तेल घालत होती. मी सरळ विचारलं, अर्जाचं काय झालं?

"तो बंद झाला," ती म्हणाली. "कागद जुळले नाहीत म्हणून. नवा केलाय, पहिल्यापासून."

"कधी कळलं?"

"दिवाळीच्या आधी."

दिवाळीला ती माझ्या घरी मिठाई घेऊन आली होती. माझ्या स्वयंपाकघरात बसून तिने करंज्या भरायला हात लावला होता, माझ्या सुनेला सिंधी पद्धतीची कढी शिकवली होती. मी विचारलं, तेव्हा का नाही बोललीस?

तिने तेलाची कुपी बंद केली आणि हात पुसले. "तुम्ही सणाला किती खूश होतात, अदी," ती म्हणाली. "मला तर वाट बघायची सवय आहे. तुम्हाला नाही."

मग घंटा झाली आणि लाइन पुन्हा चालू झाली. मी तिथेच उभी होते, तर तिने मला हाताने जरा बाजूला केलं, मागून बंडल येत होतं.